प्लगिन बसत नाही? आधी फोल्डरचा मालक कोण ते बघा

१७ सप्टेंबर २०२५ ला राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं आणि ग्रामपंचायतीची वेबसाइट हा विषय एकदम वर आला. अभियानात सुशासनाला गुण आहेत, आणि गावाची वेबसाइट, ऑनलाइन सेवा, तक्रार नोंदवायची सोय या गोष्टी त्यातच मोडतात. साहजिकच साइट बनवून देणाऱ्यांची चलती झाली. साइट दोन-चार दिवसांत उभी राहते. सरपंच आणि सदस्यांचे फोटो लागतात, गावाचा इतिहास टाकला जातो, बनवणारा पुढच्या गावाला निघून जातो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. सहा महिन्यांनी कुणालातरी वाटतं की तक्रारीचा फॉर्म हवा, फोटो गॅलरी हवी. मग गावातल्या 'ज्याला कॉम्प्युटर येतं' अशा पोराला किंवा पोरीला बोलावणं जातं. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या मोठ्या गावातही हे काम करणाऱ्याच्या हातात लॅपटॉप असेलच असं नाही, स्मार्टफोन मात्र असतोच. क्रोम उघडायचं, ॲडमिन पॅनलला लॉगिन करायचं, प्लगिन शोधायचं, 'इन्स्टॉल नाऊ' दाबायचं. आणि समोर येतं: 'इन्स्टॉलेशन फेल्ड: कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी.' म्हणजे फोल्डर तयार करता आला नाही.

आता युट्यूबवर हा एरर शोधा. दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओत उपाय मिळेल: फोल्डरची परमिशन ७७७ करा, काम फत्ते. कमेंटमध्ये 'थँक यू भाऊ'ची रांग. या एका आकड्यामुळे कितीतरी साइटची दारं उघडी पडलेली आहेत. गंमत अशी की बऱ्याचदा त्या आकड्याने मूळ एररही जात नाही.

तुमच्या फोनमध्येही हीच कुलपं आहेत

ॲन्ड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. बहुतेक वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात त्यांच्या पोटातही लिनक्सच. त्यामुळे सर्व्हरवरचा परमिशनचा प्रश्न समजून घ्यायला हातातला फोन पुरतो.

तुम्ही फोनवर ॲप टाकता तेव्हा ॲन्ड्रॉइड त्या ॲपला लिनक्सचा एक स्वतंत्र युजर मानतो. व्हॉट्सॲप एक युजर, फोनपे दुसरा, गेम तिसरा. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, आणि एकाला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. फोनपेचा डेटा गेमला वाचता येत नाही तो याच कारणाने. २०२० मध्ये ॲन्ड्रॉइड ११ आलं तेव्हा गेमच्या फाइल बदलणाऱ्या पोरांना हा अनुभव आला होता: फाइल मॅनेजरमधून 'ॲन्ड्रॉइड/डेटा' फोल्डर उघडेनासा झाला. तिथली यंत्रणा थोडी वेगळी, पण विचार तोच. ज्याची वस्तू, त्यानेच हात लावायचा.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला आणि फाइलला तीन प्रकारची माणसं असतात: मालक, मालकाचा गट आणि बाकी सगळे. प्रत्येकाला तीन हक्क देता येतात. वाचायचा हक्क म्हणजे ४, लिहायचा २, आणि चालवायचा १. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे उंबरा ओलांडून आत जाणं. या आकड्यांची बेरीज केली की ७५५ कुठून येतं ते कळतं. मालकाला ४ अधिक २ अधिक १, म्हणजे सगळं. गटाला आणि बाकीच्यांना ४ अधिक १, म्हणजे आत या, बघा, पण काही हलवू नका. फाइलला उंबरा नसतो, म्हणून साध्या फाइलला ६४४ पुरतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून बघा. ज्या ग्रुपचं नाव आणि डीपी फक्त ॲडमिन बदलू शकतो तो ७५५. ज्यात कुणीही नाव बदलू शकतो, कुणीही कुणालाही काढू शकतो, तो ७७७. असा ग्रुप किती दिवस टिकेल ते तुम्हीच सांगा.

इथे एक गोष्ट बऱ्याच वेब डेव्हलपरनाही चकवते. एखादी फाइल पुसायला त्या फाइलची परमिशन लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहायचा हक्क लागतो. म्हणजे आतल्या सगळ्या फाइल ६४४ असल्या आणि बाहेरचा फोल्डर ७७७ असला, तर सर्व्हरवरचा दुसरा कुठलाही युजर तुमची फाइल उडवून त्याच नावाची स्वतःची फाइल ठेवू शकतो. (सर्व्हरचं स्वतःचं टेम्प फोल्डर सगळ्यांना खुलं असतं हे खरं, पण तिथे एक जादा बिट लावलेला असतो: ज्याची फाइल, त्यानेच पुसायची. युट्यूबवरच्या ७७७ मध्ये तो नसतो.)

वर्डप्रेस नेमकं काय तपासतं

वर्डप्रेसवर जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट चालतात. तालुक्यातालुक्यातली न्यूज पोर्टल आणि गावांच्या कितीतरी साइट त्यातच आल्या. म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू.

प्लगिन टाकायच्या आधी वर्डप्रेस एक छोटी परीक्षा घेतं. ते एक तात्पुरती फाइल तयार करतं आणि बघतं की या नव्या फाइलचा मालक कोण लागला. मग तो मालक आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलचा मालक एकच आहे का ते ताडून बघतं. एकच असेल तर काम सरळ सुरू. वेगळा असेल तर एक वेगळाच फॉर्म उघडतो: होस्टनेम द्या, एफटीपीचं युजरनेम द्या, पासवर्ड द्या. नवख्या माणसाला वाटतं साइट हॅक झाली.

आता ७७७ चा विचार करा. तुम्ही फोल्डर सगळ्यांना खुला केलात. तात्पुरती फाइल तयार झाली. पण तिचा मालक तरीही वेगळाच आहे, कारण परमिशन बदलल्याने मालक बदलत नाही. परीक्षेत वर्डप्रेस नापासच, आणि एफटीपीचा फॉर्म पुन्हा समोर. माणूस वैतागतो, त्याला वाटतं एक फोल्डर खुला करून भागलं नाही, आणि मग सगळी साइटच ७७७ करून टाकतो. चोर येण्याआधीच घरमालकाने सगळी दारं काढून अंगणात ठेवावीत तसं.

काही होस्टिंगवर उलटं घडतं. तिथे सर्व्हर इतका कडक असतो की बाकीच्यांना लिहायची मुभा असलेल्या फोल्डरमधला पीएचपी प्रोग्रॅम चालवायलाच नकार देतो. ७७७ केल्या केल्या अख्खी साइट बंद आणि पडद्यावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. हे झालं तर सर्व्हरचे आभार माना. त्याने तुम्हाला वाचवलं.

मालक बदलतो कसा?

कुणी मुद्दाम बदलत नाही. साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवताना फाइल एका युजरच्या नावाने उतरतात आणि पीएचपी दुसऱ्याच युजरच्या नावाने चालतं. स्वतःचा छोटा क्लाउड सर्व्हर घेणाऱ्यांचं तर हे ठरलेलंच: लॉगिन केलं 'रूट' किंवा 'उबुंटू' नावाने, झिप फाइल तिथेच उघडली, सगळ्या फाइल त्या नावावर चढल्या. वेब सर्व्हर मात्र उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या युजरने चालतो. त्याच्या दृष्टीने या परक्याच्या फाइल. तो वाचतो, साइट दाखवतो, पण नवीन काही ठेवू शकत नाही. म्हणून साइट अगदी छान दिसते आणि प्लगिन तेवढं बसत नाही.

सातबाऱ्यावर नाव बापाचं, जमीन कसतो मुलगा, आणि कर्ज काढायला गेल्यावर बँक विचारते की तुमचं नाव कुठे आहे. त्यातलाच हा प्रकार.

स्वतःचा सर्व्हर असेल तर उपाय सरळ आहे. 'सीएचओन' कमांडने साइटच्या फोल्डरचा मालक योग्य युजर करायचा. नंतर 'फाइंड' कमांडने फोल्डर आणि फाइल वेगवेगळ्या निवडायच्या, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ द्यायचं. टर्मक्स ॲपमधून हे फोनवरूनही जमतं. दोन्हींना एकच आकडा देऊ नका. सगळ्यांना ६४४ दिलं तर फोल्डरचा उंबरा बंद होतो आणि साइट दिसेनाशी होते. सगळ्यांना ७५५ दिलं तर साध्या फोटोलाही चालवायचा हक्क मिळतो, त्याची गरज नसते.

साधं शेअर्ड होस्टिंग असेल तर मालक बदलायचा हक्क सहसा तुमच्याकडे नसतोच. तिथे सपोर्टला मेसेज टाका: माझ्या अकाउंटच्या पब्लिक एचटीएमएल फोल्डरमधल्या फाइलची मालकी दुरुस्त करा. एवढं एक वाक्य. त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही रात्रभर सीपॅनलमध्ये खूणगाठी मारत बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

पण आधी जागा बघा

दर वेळी परमिशनच दोषी असते असं नाही, आणि हे तपासायला फार कमी लोक जातात. होस्टिंगची जागा भरली असेल तरी 'फोल्डर तयार करता आला नाही' असाच एरर येऊ शकतो. जागेशिवाय फाइलच्या संख्येचीही मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. प्रत्येक फोटो अपलोड केला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या आणखी काही प्रती बनवतं. न्यूज पोर्टलवर दिवसाला तीस-चाळीस फोटो चढत असतील तर ही मर्यादा जागा शिल्लक असतानाच गाठली जाते. सीपॅनलच्या पहिल्याच पानावर दोन्ही आकडे दिसतात.

जूमला वापरणाऱ्यांसाठी वेगळी खबर. तिथे एक्स्टेन्शन आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरतं आणि मग जागेवर जातं. त्या तात्पुरत्या फोल्डरचा पूर्ण पत्ता कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेला असतो. साइट हलवली की पत्ता जुन्याच होस्टिंगचा राहतो, आणि एक्स्टेन्शन टाकताना अपलोड फेल, कॉपी फेल असले एरर येतात. माणूस परमिशन बदलत बसतो आणि इकडे तो फोल्डर या सर्व्हरवर अस्तित्वातच नसतो! ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये सर्व्हरच्या टॅबवर जाऊन टेम्प फोल्डरचा पत्ता दुरुस्त करा. कुठला फोल्डर लिहिण्याजोगा आहे आणि कुठला नाही, याची यादी जूमला सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये स्वतःच दाखवतं. वर्डप्रेसमध्ये हीच यादी साइट हेल्थच्या इन्फो टॅबवर सगळ्यात खाली मिळते. काहीही बदलायच्या आधी या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फाइल मॅनेजर प्लगिनचा धडा

परमिशनची कटकट नको म्हणून अनेक जण आणखी एक पळवाट काढतात. वर्डप्रेसमध्येच फाइल मॅनेजरचं प्लगिन टाकायचं आणि ॲडमिन पॅनलमधून फाइल हलवायच्या. मोबाइलवरून काम करणाऱ्याला हे फार सोयीचं वाटतं, कारण एफटीपी नको, सीपॅनल नको.

सप्टेंबर २०२० मध्ये 'डब्ल्यूपी फाइल मॅनेजर' या प्लगिनचं काय झालं ते माहीत असायला हवं. तेव्हा ते ७ लाखांहून जास्त साइटवर चालू होतं. त्यात वापरलेल्या एका लायब्ररीबरोबर नमुन्यादाखल दिलेली एक फाइल आली होती. प्लगिनमध्ये तिचं नाव बदललं गेलं आणि ती थेट चालवता येईल अशी झाली. परिणाम असा की लॉगिन न करताच, जगात कुठेही बसलेल्या माणसाला त्या साइटवर स्वतःची पीएचपी फाइल चढवता येत होती. १ सप्टेंबरला दुरुस्त केलेली ६.९ आवृत्ती आली, पण तोपर्यंत हल्ले सुरू झाले होते, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्यावर ते पुढेही चालू राहिले. सोयीसाठी आणलेलं प्लगिन चोराचा जिना ठरलं.

यातली एक अडचणीची गोष्ट दडवून चालणार नाही. इथे ७५५ ने फारसं काही वाचवलं नसतं. आजच्या बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच युजरच्या नावाने चालतं. म्हणजे साइटमधलं प्रत्येक प्लगिन हे मालकच असतं, मालकाचे तिन्ही हक्क त्याला मिळतात. ७५५ मुळे शेजारच्या भाडेकरूपासून संरक्षण मिळतं. तुम्ही स्वतः घरात घेतलेल्या पाहुण्यापासून नाही. टेलिग्रामवरून फुकट उतरवलेली 'नल्ड' थीम टाकलीत, तर परमिशन कितीही नीट असली तरी किल्ली तुम्हीच हातात दिलेली असते. अधिकृत ठिकाणाहून घेतलेलं प्लगिनही शंभर टक्के निर्धोक नसतं. जून २०२४ मध्ये काही प्लगिनच्या लेखकांची खाती चोरून वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतच बाधित कोड घुसवला गेला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्लगिनच्या लेखकांना तिथे दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं. म्हणून कामाचं नसलेलं प्लगिन नुसतं बंद करून ठेवू नका, काढूनच टाका.

गावाची साइट म्हणून जास्त जपायचं

न्यूज पोर्टल हॅक झालं तर दोन दिवसांच्या बातम्या जातात. ग्रामपंचायतीच्या साइटवर प्रकरण वेगळं आहे. तिथे दाखल्यासाठी अर्ज येतात. अर्जाला आधारचा फोटो जोडलेला असतो, घरपट्टीची पावती असते, कुणाच्या विवाह नोंदणीचे कागद असतात. हे सगळं जातं कुठे? फॉर्मच्या बऱ्याच प्लगिनमध्ये ते जातं वर्डप्रेसच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर मुळात जगाला दाखवायच्या फोटोंसाठी आहे. तिथल्या फाइलची लिंक माहीत असली की ब्राउझरमध्ये ती कुणालाही उघडता येते. परमिशन अगदी पुस्तकात लिहिलीय तशी असली तरी. काही सर्व्हरवर तर फोल्डरचा पत्ता टाकला की आतल्या सगळ्या फाइलची यादीच समोर येते, वर 'इंडेक्स ऑफ' असं लिहून. आपल्या गावाच्या साइटवर हे आत्ता फोनवरून तपासता येईल. पत्त्यापुढे डब्ल्यूपी-कंटेंट, मग अपलोड्स लिहा आणि बघा काय दिसतं. यादी दिसली तर होस्टिंगच्या सेटिंगमधून ती बंद करा, आणि अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही अशी सोय सपोर्टकडून करून घ्या. फॉर्ममधून आलेले कागद तिथे साठवायचेच नाहीत हे तर सगळ्यात उत्तम.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. लोकांची माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही, तर २०२३ च्या मूळ कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावच्या साइटवर एवढा दंड बसेल असं मला वाटत नाही. पण 'पोराने केलं, आम्हाला काय माहीत' हे उत्तर यापुढे ग्रामसभेतही चालणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पोराला एकट्याला पुढे करणं बरोबरही नाही. त्याच्याकडे पासवर्ड असतो, अधिकार नसतो.

कारण मालकीचा घोळ फोल्डरपुरता नसतोच. कित्येक छोट्या साइटचं डोमेन बनवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेलं असतं, होस्टिंग त्याच्या अकाउंटखाली असतं, सीपॅनलचा पासवर्ड त्याच्या वहीत असतो. गावाकडे असतं ते फक्त वर्डप्रेसचं लॉगिन, तेही कधीकधी 'एडिटर' दर्जाचं. अशा वेळी प्लगिन टाकताना एरर तर सोडाच, 'ॲड न्यू' हे बटणच दिसत नाही. पोरगा तासभर परमिशन शोधत बसतो आणि अडचण असते की त्याला ॲडमिन केलेलंच नाही. एडिटर लेख लिहू शकतो, प्लगिन टाकू शकत नाही. म्हणून बटण दिसतं का, हे सगळ्यात आधी बघा.

तुमच्यावर कुणी अशी साइट सोपवत असेल तर प्लगिनला हात लावायच्या आधी ग्रामपंचायतीकडून तीन गोष्टी मागून घ्या. डोमेन ज्या ईमेलवर आहे तो ईमेल ग्रामपंचायतीचा आहे का, होस्टिंगचं बिल कुणाच्या नावाने येतं, आणि सीपॅनलचं लॉगिन कार्यालयात कुठे लिहून ठेवलंय. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आधीच्या बनवणाऱ्याला फोन लावायला सांगा, तो फोन उचलतोय तोवर. बॅकअप घ्या, फोनवर नको, ग्रामपंचायतीच्या ड्राइव्हवर ठेवा. त्याने मागे कुठे ७७७ करून ठेवलं असेल तर तेही याच वेळी शोधून काढा. एफटीपी ॲपमध्ये परमिशनचा रकाना असतो, तिथे ७७७ किंवा तिन्ही गटांपुढे 'आरडब्ल्यूएक्स' दिसलं की तो फोल्डर ७५५ वर आणा, आणि त्यात गेल्या काही महिन्यांत बदललेली, तुम्हाला ओळखू न येणारी पीएचपी फाइल आहे का तेवढं उघडून बघा.